नॉर्मन कपाटाची दुसरी सकाळ

कपाट बघायचं असलं की मी आधी त्याच्या मागे जाते. पुढची बाजू म्हणजे मुलगी बघायला आलेला नवरा मुलगा. केस बसवलेले, हसूही बसवलेलं. मागच्या फळ्यांवर रंधा कसा फिरलाय, धूळ खरी आहे की कुणी चहाचं पाणी मारून आणलेली, हे मागेच कळतं. मॉन्ट्रियालमध्ये तीस वर्षं मी जुनं फर्निचर घेतलं आणि विकलं. पहिल्या पाच वर्षांत मला सगळ्यांनी फसवलं. त्यानंतर कुणाला जमलं नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरच्या एका लहानशा गावात, ओव्हिद नावाच्या म्हाताऱ्याच्या घरातल्या कपाटामागे मी पुन्हा एकदा वाकले. ओव्हिद त्याच वर्षी बर्फ वितळताना गेला होता. घर विकायला काढलं होतं. त्याची मुलगी तेरेझ हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि काही बोलत नव्हती, म्हणून माझा संशय वाढला. मला वाटत होतं, बॉस्टनचा एखादा व्यापारी ट्रक घेऊन येऊन गेला असणार. खरं कपाट त्याने नेलं असणार आणि माझ्यासाठी तसंच दिसणारं दुसरं उभं केलं असणार. खालून दुसऱ्या फळीत एक गाठ निखळून पडलेली होती. पंचवीस वर्षांपूर्वी त्या भोकात मी करंगळी घातली होती. आता पुन्हा घातली. जाड झालेली करंगळी जेमतेम गेली, पण गेली.

मग पुढे येऊन दार उघडलं आणि वास आला. सफरचंदं, मेण, आणि वर्षानुवर्षं घडी न मोडलेल्या जाड तागाच्या चादरी. या वासाला मला फसवता आलं आहे, हे मी मान्य करते. कारण तो नाकात शिरला की मी कॅनडात राहत नाही.

माझ्या आयच्या पेटीला सुकेळ्यांचा वास यायचा. वसईला आमच्या वाडीत राजेळी केळी पिकली की ती सोलून उन्हात मांडत. चार-पाच दिवसांत ती मधासारखी तपकिरी होत, आणि मग केळीच्याच सोपात, खोडाच्या वाळक्या सालीत, घट्ट बांधून ठेवत. असा एक जुडगा आय नेहमी पेटीत टाकायची, कपड्यांच्या खाली. पेटी सागाची होती, कोपऱ्यांना पितळ. तिच्यात आयचं लग्नातलं लाल लुगडं, आमच्या सगळ्यांच्या बाप्तिस्म्याची एकच लेसची टोपी, आणि अर्धवट जळलेली एक मेणबत्ती होती. ती मेणबत्ती कशाची, ते तिने कधी सांगितलं नाही. झाकण उघडताना बिजागरी दोनदा कुरकुरायची, एकदा वर जाताना आणि एकदा थांबताना. पेटी तिला तिच्या आईकडून आली होती, बैलगाडीतून, वरातीच्या आदल्या दिवशी. ती मला यायची होती. तसं ती सगळ्यांसमोर म्हणायची. माझा मोठा भाऊ बस्त्याव तेव्हा मान हलवायचा.

आयनेच मला भाव करायला शिकवलं. बाजारात कोळणीसमोर उकिडवं बसायचं, बोंबलाचा वाटा बोटाने उलटून बघायचा, तिने सांगितल्याच्या निम्मं म्हणायचं आणि उठायचं. पाठ फिरवायची. चालायला लागायचं. "सात पावलं," आय सांगायची. "सातव्याच्या आत ती हाक मारते. पण मागे वळून पाहिलंस की भाव गेला." मी लहान होते, तिच्या लुगड्याचा काष्टा धरून चालायचे आणि मनात मोजायचे. पाच. सहा. मागून आवाज यायचा, "ये गो बाय, ने, ने." त्या हाकेसारखा गोड आवाज मी नंतर कुठे ऐकला नाही.

ओव्हिदच्या गावी मी पहिल्यांदा आले ती नवऱ्याबरोबर, उसन्या घेतलेल्या व्हॅनमधून. नवऱ्याचं नाव रॉबर्ट. कुठल्याशा शेतात जुनी लाकडी कपाटं आहेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. ओहोटी लागली होती. नदी असून तिला भरती-ओहोटी होते, याचं मला फार बरं वाटलं. चिखलात लांबवर खुंट रोवलेले होते आणि त्यांना जाळी बांधलेली होती, वाम पकडायला. वास अगदी आमच्या खाडीसारखा. ओव्हिद गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून त्या खुंटांमधून चालत आला, तेव्हा क्षणभर मला वाटलं की हा आता मराठीत बोलेल.

त्याने रॉबर्टला नाव विचारलं. ऐकून त्याचे मोठे कान हलले. "रोबेर! म्हणजे नॉर्मन!"

रॉबर्टचा रंग पाटीसारखा काळा. तो पोट धरून हसला. ओव्हिद मात्र गंभीर होता. जेवताना त्याने सगळं समजावलं. त्याचे पूर्वज नॉर्मंडीहून आले, जहाजांवर सुतारकाम करणारे. त्यांच्याही आधी नॉर्मन लोक उत्तरेकडून बोटींतून फ्रान्समध्ये घुसले होते. मग त्यांनी समुद्र ओलांडून इंग्लंड घेतलं आणि तिथल्या पोरांना आपली नावं दिली. रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, विल्यम. रॉबर्टच्या आजोबांना ते नाव रेल्वेतल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबावरून मिळालं होतं. म्हणजे नॉर्मंडीतून लंडन आणि लंडनहून वसईच्या केळीच्या बागेत. "आणि आता माझ्या टेबलावर," ओव्हिद म्हणाला आणि जेवणाच्या मध्येच सफरचंदाच्या कडक दारूचे तीन चिमुकले ग्लास भरले. त्या घोटाने पोटात भोक पडतं आणि उरलेलं जेवण त्यात जातं, असा त्यांच्याकडचा समज. रॉबर्टला तो समज लगेच पटला.

मला नाही पटलं काही. वस्तू विकणारा माणूस खानदान सांगायला लागला की मी पर्स घट्ट धरते. कपाट मी बघून ठेवलं होतं. दोन दारं, वर चोचीत चोच घातलेली कबुतरं, त्यांच्या खाली फुलांची परडी, आणि कडेने गव्हाच्या ओंब्या. लग्नाचं कपाट. ओव्हिद सांगत होता की नॉर्मंडीत मुलगी जन्मली की बाप तिच्यासाठी ओकचं झाड ठरवून ठेवायचा. तिच्या लग्नात त्याचं कपाट व्हायचं, आणि चादरी-टॉवेलांनी भरलेलं ते कपाट गाडीवर उभं करून सगळ्या गावातून सासरी न्यायचं.

मी दाराच्या आतल्या बाजूला नख दाबलं. नख रुतलं. ओकमध्ये नख रुतत नाही.

"हे पाइन आहे," मी म्हटलं. "नॉर्मंडीहून आलेलं नाही. इथेच कुठेतरी बनवलंय."

मला वाटलं, आता तो ओशाळेल. तो म्हणाला, "अर्थात. लाकूड इथलं. हात तिकडचे. ज्याने हे कोरलं त्याने नॉर्मंडी पाहिलीसुद्धा नव्हती, त्याच्या बापाने सांगितली होती."

चांगला विक्रेता आहे, असं मी मनात म्हटलं. परत येताना व्हॅनमध्ये रॉबर्ट म्हणाला, "आपलंही तसंच की. आडनाव पोर्तुगीज पाद्र्याने दिलेलं, पोर्तुगाल कुणी पाहिलाय? लाकूड वसईचं." मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. मी तेव्हा फार चिडलेली होते. कारण ओव्हिदने मला उत्तर दिलं नव्हतं.

मी सरळ विचारलं होतं. एक आकडाही सांगितला होता, बऱ्यापैकी मानाचा. "देणार?"

त्याने खिडकीतून नदीकडे बघितलं होतं. "कदाचित हो, मादाम. कदाचित नाही."

मी पाठ फिरवली होती. अंगणातून चालायला लागले होते. पाच. सहा. सात. खडीवर माझ्याच बुटांचा आवाज. व्हॅनचं दार उघडेपर्यंत मी वीस पावलं चालले असेन, आणि मागे कुणी हाक मारली नाही.

मला हे नवीन नव्हतं, आणि राग होता तो याच गोष्टीचा. कॅनडाला निघाले त्या दिवशी बस्त्याव विहिरीवरच्या पंपाशी काहीतरी उघडून बसला होता, हात ग्रीसने काळे. आयला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी विचारलं, पेटी कधी पाठवशील? तो वर न बघता म्हणाला, "बघू, बाय." बघू. आमच्याकडे या शब्दात माणूस आख्खं आयुष्य काढू शकतो. मी वळले आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे चालायला लागले. वाडीतल्या त्या वाटेवर केळीची वाळकी पानं पडलेली होती, ती पायाखाली कागदासारखी वाजत होती. सात पावलं मी फार हळू चालले. मग विमानात बसले. पुढे कुणीतरी सांगितलं की बस्त्यावने वाडीचा रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला दिला. पेटीही गेली असणार, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानंतर आमच्यात फोन झाले ते मयताचे आणि बारशाचे. पेटीचा विषय मी काढला नाही. त्यानेही नाही. चोर विषय काढत नाही.

तर कपाट. ते मला माझी मुलगी रीना हिच्यासाठी हवं होतं. माझी पोर रिकाम्या हाताने सासरी जाणार नाही, असं मी तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरवलं होतं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून मी बारा-तेरा वेळा तरी त्या गावी गेले असेन. नेहमी सफरचंदांच्या दिवसांत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक पेटलेली असत. फार्मच्या दारात टोपल्या, त्यांच्यावर गांधीलमाश्या. ओव्हिदच्या स्वयंपाकघरात चुलीवर डुकराचं मांस कांद्याबरोबर शिजत असे आणि खिडकीच्या काचा घामेजलेल्या असत. तो वामी विकण्याच्या गोष्टी सांगे. मी लोकांना कपाटं विकण्याच्या. तो खळखळून हसे, कारण माझ्या सगळ्या गोष्टींत मीच जिंकायचे. मग घोटभर दारू. मग मी विचारायचे. मग तो नदीकडे बघायचा.

कदाचित हो, मादाम. कदाचित नाही.

त्याच्या या उत्तराचे मी किती अर्थ लावले! आधी वाटलं, भाव चढवतोय. मी आकडा वाढवून पाहिला, तर त्याने ऐकलंच नाही असं केलं. मग वाटलं, दुसरा कुणी गिऱ्हाईक आहे आणि मी फक्त त्याला घाबरवायला ठेवलेली आहे. मग वाटलं, काळ्या बाईला द्यायचं नसेल, आणि तसं म्हणायची हिंमत नसेल. प्रत्येक अर्थ मला एकेक वर्ष पुरला.

रॉबर्ट गेल्यानंतरच्या ऑक्टोबरात मी एकटी गेले. ओव्हिदने दार उघडलं, माझ्यामागे रिकाम्या गाडीकडे पाहिलं आणि टोपी काढली.  टेबलावर तीन ग्लास मांडले, तिन्ही भरले, आणि रॉबर्टचा तसाच ठेवून आम्ही दोघे प्यालो. त्या दिवशी तरी हा हो म्हणेल, अशी माझी समजूत. तो तेच म्हणाला. मग मात्र मी त्याला फ्रेंचमध्ये येत होतं तेवढं आणि मराठीत येत होतं तेवढं सगळं ऐकवलं. तू लबाड आहेस, म्हाताऱ्या, तुझे पूर्वज लुटारू होते आणि तूही तोच आहेस. मराठी भाग त्याने जास्त लक्ष देऊन ऐकला. मी गाडीत बसले तेव्हा खिडकीतून त्याने पाच सफरचंदं बाजूच्या सीटवर ठेवली. ती फेकून द्यायची असं मी तीन गावं ठरवत राहिले. नाताळपर्यंत गाडीला त्यांचा वास होता.

त्यानंतर मी गेले नाही. मग तेरेझचा फोन आला.

रीनाचं लग्न पुढच्या मे महिन्यात ठरलेलं होतं. ती ओकव्हिलला राहते, रोज ट्रेनने टोरोंटोला जाते. मी निघताना तिने फोनवर समजावून पाहिलं. "मम्मा, आमच्याकडे वॉक-इन क्लोजेट आहे. अँड द एलिव्हेटर इज टायनी. कपाट आत कसं येणार?" मी म्हटलं, येईल. ही कपाटं नुसत्या लाकडी खुंट्यांनी जोडलेली असतात. खुंट्या काढल्या की सगळं सपाट होतं. ती म्हणाली, "ओके, पण वाय?" तिला तीन तास समजावलं असतं तरी कळलं नसतं, आणि मला पाच मिनिटांत रडू आलं असतं. मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.

तर करंगळी भोकातून काढून, कपाटाचं दार लावून, मी तेरेझकडे वळले. तिचे कान बापाचेच. "देणार आहेस का नाही?"

तिने खिडकीतून नदीकडे पाहिलं. "कदाचित हो," ती म्हणाली. "कदाचित नाही."

 पाठ फिरवायला मला विचार करावा लागत नाही, पायच करतात. अंगण. खडी. चार. पाच.

"यंदाही उद्या येणार नाहीस का?"

मी थांबले. वळून बघितलं. आयने सांगितलेलं मोडलं.

तेरेझ दारात तशीच उभी होती. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. तिने सांगितलं ते असं. त्यांच्या घरात पहिल्या दिवशीच्या उत्तराला किंमत नसते. ही नॉर्मंडीतली रीत, असं तिचे आजोबा सांगत. तिकडे म्हणे जुन्या काळी दिलेला शब्द एका दिवसात परत घेता यायचा. म्हणून शहाणा माणूस पहिल्या दिवशी शब्द देतच नाही आणि घेतही नाही. रात्र मध्ये जाऊ द्यायची. ज्याला खरंच हवं आहे तो सकाळी परत येतो. मग एकेक ग्लास सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, घ्यायचा आणि काय ते बोलायचं.

"बाबा सकाळी दोन ग्लास काढून ठेवायचे," ती म्हणाली. "तू येऊन गेलीस की प्रत्येक वेळी. दुपारची चर्चची घंटा होईपर्यंत बसायचे. मग तुझाही ग्लास स्वतःच प्यायचे आणि म्हणायचे, मादामला अजून खरंच नको आहे."

मी तिला विचारलं की त्याने मला हे सांगितलं का नाही.

"सांगायचं?" तिला प्रश्नच कळला नाही. "हे कुणाला माहीत नसतं?"

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हातारा मेल्यावर अशा गोष्टी फार सुचतात. मी नदीकाठच्या मोटेलमध्ये उतरले ते केवळ तिला खोटं पाडण्यासाठी, आणि सकाळी सात वाजता, तिने काही मांडामांड करायच्या आत, दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरले.

टेबलावर पांढऱ्या फडक्यावर दोन ग्लास पालथे घातलेले होते. जाड काचेचे, एकाच्या तळाशी टवका उडालेला. तेरेझ चुलीत लाकूड सारत होती. "लवकर आलीस," ती म्हणाली.

बसले. तिने सायडर ओतला. थंडगार, थोडा आंबट, आणि मागून सालीचा कडवटपणा. टवक्याचा ग्लास माझ्यासमोर होता. हा माझाच, असं मला उगाच वाटलं. मी येऊन गेले की दर वेळी हा इथे भरला जात होता आणि मी तेव्हा मॉन्ट्रियालच्या वाटेवर, स्टिअरिंगवर मुठी आपटत, ओव्हिदच्या बापाचा उद्धार करत होते.

"पहिल्या वर्षी तू बाबांना किती सांगितले होतेस?"

मी आकडा सांगितला.

"मग तेवढेच," तेरेझ म्हणाली.

मला राग आला. कसला ते तेव्हा कळेना. न भांडता मिळालेल्या वस्तूच्या मागे काहीतरी कुजलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. मी उठून पुन्हा कपाटामागे जाऊन आले. ठीक होतं. तेरेझ हसू दाबत होती, अगदी बापासारखी. मग आम्ही दोघींनी चादरी काढल्या. एकेका घडीत एकेक वाळकं सफरचंद निघत होतं, सुरकुतलेलं, हलकं, हातात घेतलं तरी सुकेळ्यासारखं मऊ. शेवटचं तिने तळाच्या फळीबरोबर द्यायला बाजूला ठेवलं. कपाट रिकामं जात नाही, ती म्हणाली. त्यानंतर खुंट्या ठोकून काढल्या. एक तास लागला. कबुतरं वेगळी झाली, परडी वेगळी झाली, आणि इतकी वर्षं भिंतीसारखं माझ्यासमोर उभं राहिलेलं ते सगळं माझ्या व्हॅनमध्ये आडवं झालं.

अंगणात उभी राहिले. ओहोटी होती. खुंट तसेच होते, जाळी कुणी लावलेली नव्हती. नऊ वाजले होते. म्हणजे वसईला संध्याकाळचे साडेसहा. बस्त्याव चहा पिऊन ओट्यावर बसण्याची वेळ. मी फोन लावला. त्याने कोण मेलं असं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "बस्त्याव, आयची पेटी आहे का?"

 तो खोकला. मागे कुणाच्या तरी दुचाकीचा आवाज, एक कावळा.

"बघू, बाय."

विकली असती तर विकली म्हणाला असता का? नसता. असती तर आहे म्हणाला असता का? तेही नसता. मला त्याचा अजूनही भरवसा नाही. पाय वळले होते. खडीवर मी व्हॅनकडे दोन पावलं टाकलीही होती.

"उद्या परत करते," मी म्हटलं. "याच वेळेला."

"कर," तो म्हणाला. आणि मी फोन ठेवणार एवढ्यात, "बाय, नक्की कर."